तळाचं चार बोटं पेट्रोल

आमच्या पंपाला डोकं होतं, आणि ते काचेचं होतं.

असं सांगितलं की हल्लीची मंडळी आधी माझ्याच डोक्याकडे पाहतात. त्यांचंही बरोबर आहे. आता पंप म्हणजे एक पेटी. तिच्यात आकडे फिरतात, गिऱ्हाईक आकड्यांकडे पाहतं, पंपवाला आभाळाकडे पाहतो आणि काम उरकतं. मी कारंजा घाडग्याला, नागपूर-अमरावती सडकेवर, ज्या पंपावर सहा वर्षं काढली तिथे असं मुकाट काम कधी झालंच नाही. तिथे खेळ व्हायचा. त्या खेळातला नट मी, वाजंत्री मी आणि पडदा ओढणाराही मीच.

आधी रंगमंच सांगतो. पुरुषभर उंचीचा लाल लोखंडी खांब, त्याच्या माथ्यावर दोन काचेच्या बरण्या, प्रत्येकी अर्ध्या गॅलनची. बाजूला एक दांडा. दांडा मागे-पुढे ओढला की जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल गुडगुडत वर चढायचं आणि एक बरणी भरायची. ती भरली की कळ फिरवायची. भरलेली बरणी रबरी नळीतून गाडीत उतरायला लागायची, आणि तेवढ्यात दांडा मारून दुसरी भरायची. दहा गॅलन म्हणजे वीस बरण्या. उन्हाळ्यात मी घामानं निथळायचो आणि बरण्यांत मात्र ते फिकट नारिंगी पेट्रोल असं थंड, असं ऐटीत चमकायचं की रस्त्यानं जाणारे बंडीवाले बैल थांबवून बघत बसायचे.

गिऱ्हाईक गाडीतून उतरून बरण्या मोजायचं. मोठ्यानं. मधेच मला बोलण्यात गुंतवायचं आणि मग म्हणायचं, "सात झाल्या का आठ?" मी म्हणायचो, "नऊ." मग भांडण. फेस बसल्याशिवाय कळ फिरवू द्यायचं नाही, हा सगळ्यांचा बाणा. "फेस का तुह्या बापाले देऊ?" असं एक ट्रकवाला म्हणाला होता, त्याला मी दोन मिनिटं हात जोडून उभं केलं आणि फेसाचा शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत आरती म्हटल्यासारखा डोलत राहिलो.

शेवटी नळी झाडायची. शेवटची बरणी उतरली तरी नळीच्या पोटात पेट्रोल शिल्लक राहतं. ते गिऱ्हाइकाचं. म्हणून नळी खांद्यावर घेऊन, पंपाकडून गाडीकडे उंच धरत जायची आणि थेंबन् थेंब उतरवायचा. जो नळी उंच धरतो तो इमानदार, असा आमच्या सडकेवरचा कायदा. मी टाचा उंचावून धरायचो. लग्नाची मोटर असली तर स्टुलावर चढायचो. नवरदेवाच्या बापानं एकदा मला त्याबद्दल लाडू दिला होता.

आता गिऱ्हाइकं. सगळी सांगत बसलो तर संपादक माझी नळी झाडतील, म्हणून एकच सांगतो. जवळच्या गावचे एक म्हातारे मालगुजार होते. मालगुजारी गेली होती, मोटर राहिली होती. वर्षातून एकदा ती मोटर आमच्या पंपावर यायची, ती बैलजोडीनं ओढत. मोटरीच्या नाकाला जू बांधलेलं, आत मालगुजार टोपी घालून बसलेले, पुढे गडी बैल हाकतोय. पहिल्या वर्षी मला वाटलं मोटर बिघडली.

"बिघडली कायले?" मालगुजार म्हणाले. "घरून इथवर चालवत आनली तं पेट्रोल जळते ना जी."

मी दोन गॅलन भरलं. म्हटलं, आता तरी चालवत न्या.

"भरलेलं कायले जाळाचं? बैल हायेत ना."

"मंग काकाजी, मोटर चालवता कधी?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "पोळ्याले! त्या दिवशी बैलायले सुट्टी असते. मंग मोटर कोन वढंन?"

या उत्तरात मला आजतागायत एकही चूक सापडलेली नाही.

तर, पेट्रोल विकताना गिऱ्हाइकाच्या मनात एकच भूत असायचं, पाण्याचं. दुधात घालतात तसं हा पेट्रोलात पाणी घालत तर नसेल? कुणी तळहातावर थेंब घेऊन उडतो का बघायचं, कुणी फडक्यावर. गाड्यांचे ड्रायव्हर मऊ कमावलेल्या कातड्याचा तुकडा जवळ बाळगायचे. तो नरसाळ्यात घालून त्यातून पेट्रोल गाळलं की पेट्रोल खाली जातं आणि पाणी वर मण्यांसारखं अडकून राहतं. आमचे मालक नानाजी या बाबतीत इतके कडक होते की टाकीच्या झाकणाजवळ पाण्याचा लोटासुद्धा न्यायला बंदी होती. "वसंता," ते म्हणायचे, "पंपावर आग लागली तं एक डाव चालते. पाण्याची गोष्ट गावात गेली तं धंदा संपला."

पाणी होतं ते मागच्या विहिरीत. नानाजींचं किराणा दुकान आणि पंप यांच्या मागे त्यांची विहीर, तिला भरपूर गोड पाणी. गाड्यांच्या रेडिएटरला तेच, आम्हाला प्यायला तेच. तिच्या दोराला हात कुणी लावायचा आणि कुणी नाही, याचाही एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण तोंडपाठ सगळ्यांना होता.

इथे सोनबाची ओळख करून द्यायला हवी. सोनबा सडकेवरचा मजूर. आमच्या टप्प्यातले खड्डे गिट्टी-मुरमानं बुजवायचं काम त्याचं. माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठा, पण मी त्याला 'अरे सोनबा' म्हणायचो आणि तो मला 'बाबू' म्हणायचा. दुपारी तो पंपाच्या मागे येऊन उकिडवा बसायचा, ओंजळ धरायचा, आणि मी वरून लोट्यानं पाणी ओतायचो. तोंडात पाणी असताना माणसाला बोलता येत नाही, म्हणून पुरे झालं की तो मान हलवायचा. आणि मी, या रंगमंचाचा नट, मान हलवल्यावर आणखी थोडं ओतायचो. पाणी त्याच्या छातीवरून सदऱ्यात जायचं. आजूबाजूचे हसायचे. सोनबाही हसायचा. हा माझा रोजचा, हमखास हशा मिळवणारा खेळ होता.

एका दसऱ्याला सोनबा घरच्यांसह पांढरे कपडे घालून नागपूरला जाऊन आला आणि बौद्ध झाला. त्याच्या घरातले देव गेले, त्याच्या नमस्काराचा शब्द बदलला. ओंजळ मात्र आमच्या विहिरीवर तशीच राहिली आणि लोटाही तसाच वर राहिला.

त्याचा मुलगा यशवंत मॅट्रिक होऊन मास्तरकीचं शिकून आला होता. पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट.

चार दिवस पाऊस लागून होता. नागपूरच्या बाजूला घाटाखालचा एक मोरीपूल वाहून गेला आणि आमच्या पेट्रोलची टाकीवाली गाडी पलीकडे अडकली. नानाजी ती कुठे आहे ते बघायला कोंढाळीकडे गेले होते. पंपावर मी एकटा राजा आणि राज्य रिकामं. सकाळी मी टाकीत गज सोडून पाहिला. गज म्हणजे खुणा केलेली लांब सळई. ती तळापर्यंत घालायची आणि कुठवर भिजली ते बघायचं. भिजली होती चार बोटं. आता यातली मेख अशी की पंपाची नळी टाकीच्या तळाला टेकलेली नसते, चार बोटं वर असते, म्हणजे तळाचा गाळ वर येऊ नये. तेव्हा ते चार बोटं पेट्रोल आहे म्हणायला आहे. दिसतं, वास येतो, पण वर चढत नाही.

नऊ वाजता गफूरभाईंची सर्व्हिस मोटर पंपासमोर उभी राहिली. कारंजाहून आर्वीमार्गे वर्धा. गफूरभाई म्हणजे तोंडात पान, गळ्यात रुमाल, आणि मोटर सुरू करताना तिच्याशी बायकोशी बोलावं तसं बोलणारा माणूस.

"वसंता, तीन गॅलन दे. आर्वी गाठली का तिथल्या पंपावर पोटभर पाजतो हिले."

"गफूरभाई, थेंब नाही."

"मजाक नको करू भाई."

मी गज दाखवला. गफूरभाईंनी पान थुंकलं, म्हणजे प्रकरण गंभीर. मोटरीत बारा-पंधरा उतारू होते, त्यांनी एकदम कलकलाट केला. सगळ्यात मोठा आवाज नानाजींच्या आत्याचा. आत्याबाई म्हणजे साठी उलटलेल्या, कपाळभर कुंकू लावल्यासारखा रुबाब, अख्खं कारंजा त्यांना घाबरायचं. आर्वीला नातीच्या पोराचं बारसं होतं. मांडीवर पितळी डबा, डब्यात करंज्या.

"वसंत्या, दुपारपावतो पोचलो नाई तं पोराचं नाव कोन ठेवंन? तू?"

मोटरीच्या मागच्या बाकावरून यशवंत उतरला. धुतलेला सदरा, काखेत पिशवी. त्याच्या मागोमाग सोनबा, मुलाला पोचवायला आलेला. यशवंतनं माझ्यापुढे एक कागद धरला. 

"भाऊ, हे वाचा."

मास्तरकीच्या नेमणुकीचा कागद होता. पुरामुळे चार दिवस उशिरा त्याच्या हाती पडला होता. शेवटची ओळ अशी, की आजच्या तारखेला संध्याकाळी पाच वाजेपर्यंत वर्ध्याच्या कचेरीत हजर न झाल्यास ही नेमणूक रद्द समजावी आणि जागा पुढच्या उमेदवाराला द्यावी.

"सायकलनं?" कुणीतरी म्हणालं.

"या चिखलात आर्वी गाठतागाठताच दुपार टळंन," गफूरभाई म्हणाले. "तिथून वर्धा कवा?"

सोनबा माझ्याकडे पाहत नव्हता. पंपाच्या रिकाम्या बरण्यांकडे पाहत होता. वर्षानुवर्षं या माणसानं गिट्टी फोडून पोराला शिकवलं होतं आणि ते सगळं आता चार बोटांवर अडलं होतं.

मी उगाच दांडा मारून पाहिला. पंपानं खोकल्यासारखा आवाज केला. मी सगळ्यांना समजावून सांगितलं, पेट्रोल आहे पण तळाशी आहे, नळी पुरत नाही.

आत्याबाई खिडकीतून म्हणाल्या, "मंग पाणी टाक."

"काय?"

"अरे, चिमणीत घासलेट तळाले गेलं अन वात पुरत नसली तं आमी काय करतो? पाणी वततो. पाणी खाली जाते, घासलेट वर येते. वात पेट घेते. सांजच्या वक्ताले कोन दुकानात जाईन घासलेट आनाले? तुह्या मायनं बी केलं असंन. विचार तिले."

मी शाळेत शिकलो होतो, पाणी जड, तेल हलकं. आठवी पास झालो होतो मी त्यावर. पण ज्या टाकीजवळ लोटा न्यायला बंदी, तिच्यात पाणी? नानाजींचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"माझी नोकरी जाईल आत्याबाई."

"तुही जाईन तवा जाईन," आत्याबाई म्हणाल्या. "त्या पोट्ट्याची आजच जाऊन राह्यली."

मी टाकीचं झाकण उघडलं.

मग जे झालं ते मला आजही चालत्या चित्रासारखं दिसतं. बादल्या दुकानातल्या काढल्या. विहिरीपासून टाकीपर्यंत माणसांची रांग लागली. उतारू, गफूरभाई, त्यांचा कंडक्टर, आत्याबाई त्यात मधोमध. विहिरीवर दोर ओढायला दोघंतिघं हवे होते. यशवंत सदऱ्याच्या बाह्या सारून विहिरीपाशी गेला, आणि काठाच्या दोन हात अलीकडे थांबला. थांबायची ती जागा त्याला लहानपणापासून ठाऊक होती.

"पाहून काय राह्यला?" आत्याबाई ओरडल्या. "धर ना दोर! तुलेच जाचं आहे ना वर्ध्याले?"

यशवंतनं दोर धरला. त्याच्या मागे सोनबानं धरला. पहिली बादली वर आली, रांगेतून हातोहात माझ्याकडे आली. मी घाईनं पालथी करणार, तोच पुन्हा आत्याबाई.

"हळू मुडद्या! बोटाच्या धारेनं. घुसळलं तं सारं एक होईन."

मी लांब नरसाळ्यातून धार सोडली. एक बादली, दोन, तीन. एवढ्यात सडकेनं एक सायकलवाला चालला होता. त्यानं हे दृश्य पाहिलं, ब्रेक मारला आणि तसाच गावाकडे वळला. "पंपवाला पेट्रोलात पाणी टाकून राह्यला होऽ! उघड्यावर! दिवसाढवळ्या!" अर्ध्या तासात निम्मा बाजार जमला. ज्यांच्याकडे गाडी सोडा, सायकलचा पंपही नव्हता, तेही फसवले गेल्याच्या रागानं लाल झाले होते. एकजण म्हणाला, "मले तं पयलेपासून वास येत होता." पाण्याचा वास! मी त्याला नमस्कार केला आणि धार चालू ठेवली.

आठ बादल्यांवर मी थांबलो. गज घातला, वर काढला; आता तो नळीच्या तोंडाच्याही वरपर्यंत भिजला होता. मग आत्याबाईंनी हुकूम सोडला की आता कुणी टाकीजवळ पाय आपटायचा नाही, पाणी तळाला बसू द्यायचं. तासभर आम्ही सगळे पंपाभोवती आजारी माणसाभोवती बसावं तसे बसलो. गफूरभाई खिशातलं घड्याळ काढून बघत. सोनबा घड्याळ न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे बघे. यशवंतनं पिशवीतून कागद दोनदा काढला आणि दोनदा ठेवला. आत्याबाईंनी डबा उघडला, करंज्या वाटल्या. यशवंतलाही दिली. हातात.

बारा वाजता मी दांडा धरला. आयुष्यात इतक्या लोकांपुढे मी पुन्हा कधी काम केलेलं नाही. पंप खोकला, दुसऱ्यांदा खोकला, आणि तिसऱ्या ओढीला गुडगुड करत बरणीच्या तळात नारिंगी रंग उमटला. बरणी भरली. बाजारातल्या मंडळींनी काचेला नाकं लावली. बरणीत एक मणी नाही.

"कातडं लावतो मी," गफूरभाई म्हणाले, "तुझ्यावर भरोसा आहे, पन ही माझी मोटर आहे." त्यांनी नरसाळ्यात कातडं घातलं आणि मी कळ फिरवली. एक, दोन, तीन, लोक मोजायला लागले. चार. पाच. सहाव्या बरणीला मोजणाऱ्यांचा आवाज असा चढला की सडकेवरचे बैल बुजले. सहा म्हणजे तीन गॅलन. हाव सुटली म्हणून सातवी भरायला गेलो तर बरणीच्या तळाला पाण्याचे मणी गोळा व्हायला लागले. मी हात वर केले. खेळ संपला.

नळी मी त्या दिवशी पंपाच्या ओट्यावर चढून झाडली.

मोटर सव्वाबाराला सुटली. सोनबा खालीच राहिला. ती वळणाआड गेल्यावरही सडकेवर उभा होता. मग त्यानं फावडं उचललं आणि मोटर जिथे सकाळी गचका खाऊन आली होती तो खड्डा बुजवायला गेला.

चार वाजता नानाजी परतले. गावाच्या वेशीवरच त्यांना बातमी लागली होती. त्यानंतर मी जे ऐकलं ते दिवाळी अंकात छापता येत नाही. तासाभरानं त्यांचा आवाज दमला आणि मग एकदम खाली आला.

"अन विहिरीवर कोन कोन होतं?"

"सारेच होते जी."

"सारे म्हंजे?"

"आत्याबाईले विचारा."

आत्याबाई तिसऱ्या दिवशी आर्वीहून आल्या. बारसं वेळेवर झालं होतं. मोटर वर्ध्याला पाचला वीस मिनिटं असताना पोचली आणि गफूरभाईंनी स्टँडवर न थांबता ती थेट कचेरीच्या दारात नेली, हे त्यांना परतीच्या वाटेवर खुद्द गफूरभाईंनीच सांगितलं होतं. आम्हाला सांगताना त्यात घोड्यासारखी खिंकाळणारी मोटर वगैरे भर आत्याबाईंची. हे सगळं ऐकून झाल्यावर नानाजी म्हणाले, विहीर उपसून घ्यावी लागेल.

"काऊन?"

"आत्या, तुले ठाव नाई, दोर कोनं धरला होता—"

"मले ठाव नाई? माहे डोळे गेले का? सोनबाचा पोरगा रांगत होता तवापासून मी त्याले पाहून राह्यली. म्याच सांगतलं त्याले दोर धराले. मले बारशाले जाचं होतं, अन त्याले नोकरीवर." आत्याबाईंनी पदर खोचला. "उपस तुले उपसाची तं. मंग मी बी तिथंच रांगेत होती, माह्या हातचं बी उपस. अन त्या पाण्यानं वर आलेल्या पेट्रोलवर जी मोटर वर्ध्याले गेली, ते बी धुऊन घे. गफूरले सांगून ठेवतो मी."

नानाजींनी तराजूची पारडी पुसली. मग मला म्हणाले, "टाकी उपस."

टाकी उपसली. विहीर नाही. आठ दिवस मी दोरीला डबा बांधून तळाचं पाणी काढत होतो आणि नानाजी दर तासाला बाहेर येऊन मला 'आत्याबाईचा शिष्य' म्हणत होते. नोकरी राहिली. गावात मात्र माझं नाव 'पाणीवाला' पडलं, ते पंप सोडेपर्यंत पुसलं नाही. त्याचा मला अभिमान आहे, असं मी कुणी विचारलं तर सांगतो.

जे कुणी विचारत नाही ते आता सांगतो. पुढच्याच आठवड्यात सोनबा दुपारी आला, नेहमीच्या जागी उकिडवा बसला आणि त्यानं ओंजळ धरली. विहीर तिथेच होती. दोर तिथेच होता. मी लोटा भरला आणि वरून ओतलं. त्यानं मान हलवली. मी थोडं जास्त ओतलं. सवय होती. दोघंही हसलो.

पोळ्याला यशवंत सुट्टीवर आला. गफूरभाईंच्या मोटरीतून उतरला, खिशाला पेन, पायात नवीन चपला. सडकेनं बैल सजून चालले होते आणि त्यांच्या मधून मालगुजारांची मोटर वर्षातून एकदाच स्वतःच्या जिवावर धावत, भोंगा वाजवत चालली होती. मी नेमका त्या वेळी एका पिंपातलं पेट्रोल तोंडानं ओढून नळीत घेत होतो. आमच्या धंद्यात हे करावंच लागायचं. ओढ जरा जास्त झाली आणि घोटभर पेट्रोल तोंडात आलं. ज्यानं ते चाखलं आहे त्यालाच कळेल. हात पेट्रोलनं माखलेले, तोंडात आग, मी ओरडत विहिरीकडे धावलो. पेट्रोलचा हात दोराला लागला तर अख्खी विहीर वास मारते, हे त्या घाईतही लक्षात होतं.

विहिरीवर यशवंत होता. त्यानं बादली वर काढली होती. सोनबा शेजारी उभा होता, त्याच्या हातात लोटा होता, आणि तो लोट्यानं पाणी पीत होता. दुकानात नानाजी होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा पुडी बांधायला लागले.

"गुरुजी," मी म्हणालो, "पाणी ओता. लवकर."

मी उकिडवा बसलो. ओंजळ धरली. सोनबानं आपला लोटा मुलाच्या हाती दिला आणि यशवंतनं वरून धार धरली. मी हात धुतले, चूळ भरली, थुंकलो, पुन्हा भरली. मग प्यायलो. ओंजळीनं पिताना मान खाली घालावी लागते, समोर फक्त ओतणाऱ्याचे पाय दिसतात. नव्या चपला आणि त्यांच्या शेजारी सोनबाचे फुटलेले अनवाणी पाय. आता पुरे झालं होतं. तोंड पाण्यानं भरलेलं, बोलता येत नव्हतं. ती एकच खूण होती, तिचं उत्तर मी पाच वर्षं काय दिलं ते मला ठाऊक होतं, आणि त्या चार पायांनाही.

मी मान हलवली.

धार तिथल्या तिथे थांबली. माझा सदरा कोरडा होता.